योजनेचे पैसे हातात पडेपर्यंत: पुण्यातल्या लाभार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण, मातृवंदना, शिष्यवृत्ती, गॅसचं अनुदान. योजना कुठलीही असो, पर्वती पायथा, ताडीवाला रोड, लोहियानगर, अप्पर इंदिरानगर अशा वस्त्यांत मदतीच्या टेबलावर बसलं की अर्जाबद्दल कमी आणि पैशाबद्दल जास्त विचारलं जातं. अर्ज मंजूर असतो, यादीत नाव असतं, शेजारणीचा हप्ता आलेला असतो आणि आपला नसतो. अशा वेळी काय तपासायचं, कुणाला विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं नाही, हे इथे लिहिलं आहे. योजनेचं काम झालं असं आम्ही पैसे लाभार्थ्याच्या मुठीत आल्यावरच म्हणतो, यादीत नाव दिसल्यावर नाही.

सरकारकडून पैसे नेमके कोणत्या वाटेने येतात?

मुख्य वाटा दोन. पहिलीत अर्जात दिलेला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पाहून पैसे थेट त्या खात्यात पाठवतात. दुसरीत खाते क्रमांक लागतच नाही, सरकार फक्त आधार क्रमांकावर पैसे सोडतं. कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे असते. ती नोंद बघून रक्कम त्या बँकेकडे जाते आणि बँक ती तुमच्या खात्यात जमा करते. याला आधार पेमेंट ब्रिज म्हणतात. लाडकी बहीण योजनेचे पैसे याच वाटेने येतात. निराधार योजनांचा 'पगार' पूर्वी तहसीलमधून याद्या बँकेकडे जाऊन जमा व्हायचा, आता तोही आधारवर येतो.

थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे डीबीटी, देशात १ जानेवारी २०१३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालं. त्याआधी मनीऑर्डर होती, पोस्टातलं खातं होतं, कार्यालयात सही-अंगठा घेऊन रोख वाटप होतं. २ ऑगस्ट २०२१ पासून ई-रुपी नावाचं डिजिटल कूपनही आलं. ते मोबाईलवर संदेशाने किंवा क्यूआर कोडच्या रूपात येतं आणि ठरलेल्या कामासाठीच वापरता येतं. पण तुमचा महिन्याचा हप्ता त्यातून येत नाही, त्यामुळे ते इथेच सोडू.

माझं आधार बँकेत दिलेलं आहे. तरी "आधार लिंक नाही" असं का सांगतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त हेलपाटे घालायला लावणारा प्रश्न हाच.

बँकेत आधार दोन वेगळ्या कामांसाठी लागतं. एक, ओळख पटवण्यासाठी. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, मशीनवर बोट लावलं, म्हणजे केवायसी झालं. दोन, सरकारी पैसे त्या खात्यात घेण्यासाठी. याला सीडिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळा संमती अर्ज भरावा लागतो. तो भरला की बँक एनपीसीआयकडे कळवते की या आधारचे सरकारी पैसे आमच्याकडे पाठवा. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

काउंटरवर मात्र दोन्हीला 'आधार लिंक'च म्हणतात. बाई विचारते, "साहेब, लिंक आहे ना?" साहेब स्क्रीनवर केवायसी बघतात आणि "आहे" म्हणतात. दोघंही खरंच बोलत असतात आणि हप्ता तरी येत नाही. म्हणून बँकेत जाऊन असं विचारा: "डीबीटीसाठी माझं आधार एनपीसीआयला मॅप आहे का? नसेल तर सीडिंगचा अर्ज द्या." अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. काही बँकांसाठी एनपीसीआयच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही ही विनंती करता येते.

सीडिंग झालंय की नाही, हे आपलं आपल्याला कळतं का?

कळतं. 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आत 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायचं. बँकेचं नाव, नोंद चालू की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही, फक्त बँक. आधारला जुना, बंद पडलेला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणार नाही. तो आधी बदलून घ्या, कारण पुढे प्रत्येक पायरीवर अडेल. आधारबद्दल काही विचारायचं असेल तर १९४७ वर फोन करता येतो.

हप्ता जमा झाला म्हणतात, पण माझ्या पासबुकात नाही. गेला कुठे?

बहुतेक वेळा तो तुमच्याच दुसऱ्या एखाद्या खात्यात असतो.

एका आधारवर सरकारी पैशांसाठी एका वेळी एकच बँक नोंदलेली असते आणि शेवटी जिथे सीडिंग झालं ती बँक धरली जाते. वस्तीत कॅम्प लागतो, कुणीतरी "शून्य रुपयांत खातं" उघडून देतं, बोट लावून घेतं आणि त्याच ओघात सीडिंगही होतं. बाईला ते खातं आठवतही नाही. २०१७ मध्ये सिमकार्डाची पडताळणी करताना लाखो ग्राहकांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचं अनुदान परस्पर तिकडे जाऊ लागलं, त्यावरून देशभर गदारोळ झाला होता. तेव्हापासून नियम कडक झाले, पण न आठवणारी खाती आजही सापडतात.

वर सांगितल्याप्रमाणे स्टेटस बघा. भलतीच बँक दिसली तर आधी तिथे जाऊन साठलेले पैसे काढा, मग हव्या त्या बँकेत नव्याने सीडिंग करा. जुनं खातं आधी बंद करायला धावू नका. नवं सीडिंग होईपर्यंत हप्ता परत फिरण्याची भीती असते.

बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर तेही लक्षात घ्या. सिंडिकेट बँक कॅनरात गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियनमध्ये. हे सगळं एप्रिल २०२० मध्ये झालं आणि आयएफएससी कोड बदलले. खाते क्रमांकावर पैसे येणाऱ्या योजनेत जुना कोड राहिला असेल तर रक्कम अडकू शकते.

श्रावणबाळवाल्यांसाठी आणखी एक. रक्कम २०२३ पासून महिना १५०० रुपये आहे. पण ज्यांचं नाव केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनातही आहे त्यांच्या १५०० मध्ये २०० रुपये, आणि ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्यांच्या बाबतीत ५०० रुपये, केंद्राचे असतात. म्हणून काहींच्या पासबुकात रक्कम दोन तुकड्यांत, वेगवेगळ्या तारखांना दिसते. "पगार कमी आला" म्हणण्याआधी महिन्याभराच्या सगळ्या नोंदी वाचा. नोंदीपुढे एपीबीएस, एनएसीएच किंवा डीबीटी अशी अक्षरं छापलेली असतात, त्यावरून सरकारी जमा ओळखता येते.

खातं कुठे काढावं?

घरापासून चालत जाता येईल तिथे. बसचं किंवा रिक्षाचं भाडं घालून १५०० रुपये आणायला जाणं परवडत नाही, आणि एका खेपेत काम होईल याची खात्री नसते.

राष्ट्रीयीकृत बँकेत 'मूलभूत बचत खातं' मागा, जनधन खातं त्याच प्रकारचं. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्ड मोफत मिळतं आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नसतं. काउंटरवरून साध्या बचत खात्याचा अर्ज पुढे केला तर तो परत द्या आणि हेच खातं हवं म्हणून सांगा. दुसरा चांगला पर्याय म्हणजे पोस्ट. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ पासून सुरू आहे, लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टापासून उपनगरातल्या पोस्टापर्यंत खातं निघतं, आणि पोस्टमन घरी येऊनही पैसे देऊ शकतो.

पुण्यात सहकारी बँकांवर लोकांचा जुना जीव आहे. त्यात खातं ठेवायला हरकत नाही, फक्त ती बँक आधारवर येणारे पैसे घेते का ते आधी विचारा. सगळ्या घेत नाहीत. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, तेव्हा म्हाताऱ्या ठेवीदारांचे किती हाल झाले ते या शहराने पाहिलं आहे. ठेवींना आता पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण महिन्याच्या औषधांचा पैसा जिथे लागेल तेव्हा काढता येईल अशाच ठिकाणी हवा.

पैसे आले आणि बँकेने कापून घेतले. चालतं का?

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले. त्याचा कार्यक्रम १७ ऑगस्टला आपल्याच बालेवाडीत झाला होता. तेव्हा अनेक बायकांच्या खात्यातून किमान शिल्लक नसल्याचा जुना दंड वळता झाला. ओरड झाल्यावर राज्य सरकारने बँकांना तसं करू नका म्हणून सांगितलं. तुमच्या बाबतीत झालं असेल तर शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, पासबुकाच्या पानाची झेरॉक्स जोडा, कापलेली रक्कम परत मागा आणि खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या असंही त्याच अर्जात लिहा. तोंडी भांडून काही हाती लागत नाही. कागद दिला की पैसे परत आलेले आम्ही पाहिले आहेत.

खातं 'बंद पडलंय' म्हणतात. म्हणजे काय?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना बंद म्हणतात, तेव्हा कुठली ते विचारून घ्या.

एक, दोन वर्षं तुम्ही काहीच व्यवहार केला नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासूनचे नियम इथे तुमच्या बाजूचे आहेत: खातं पुन्हा चालू करायला शुल्क नाही, निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड नाही, आणि सरकारी योजनेसाठी उघडलेलं शून्य शिल्लक खातं केवळ व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय करायचं नाही.

दोन, केवायसी जुनं झालं. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि अशा खात्यांचं केवायसी दहा वर्षांनी पुन्हा करावं लागतं. म्हणून २०२४ नंतर हा प्रश्न एकदम वाढला. पत्ता वगैरे काही बदललं नसेल तर तसं लिहून दिलं की पुरतं.

तीन, कागदपत्रांशिवाय उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर महिन्याला दहा हजारांवर काढता येत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. ही पन्नास हजारांची मर्यादा सरकारी अनुदानाच्या जमेला मात्र लागू नाही. काउंटरवर अडवलं तर हा नियम सांगा.

बोटाचा ठसाच उमटत नाही. काय करायचं?

चाळीस वर्षं भांडी घासलेल्या, कचरा वेचलेल्या, मार्केट यार्डात पोती उचललेल्या, बांधकामावर सिमेंट कालवलेल्या हातांवर रेषा उरत नाहीत. यात त्या माणसाचा काडीचा दोष नाही. पण मशीनपुढे उभं राहिल्यावर अपराधी चेहरा त्याचाच असतो, आणि हे बघवत नाही.

बँकेच्या वतीने मशीनवर बोट लावून पैसे देणाऱ्या ग्राहक सेवा केंद्रात काय घडतं ते बघा. मावशी उजवा अंगठा ठेवतात. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवतात. पुन्हा लाल. मागची रांग कुजबुजायला लागते, केंद्रवाला म्हणतो "उद्या या". उद्या येऊन रेषा उगवणार नसतात. त्याऐवजी हे करून पाहा: हात कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, थोडं तेल किंवा व्हॅसलीन चोळून पुसून घ्या आणि दहाही बोटं एकेक करून लावा. अनामिका किंवा डाव्या हाताचं एखादं बोट बऱ्याचदा चालतं. जे चाललं ते लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी तेच आधी लावा. डोळ्यांच्या बुबुळावरूनही ओळख पटते, काही बँकांनी चेहऱ्यावरून व्यवहाराची सोय सुरू केली आहे. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने घेतले तरी फरक पडतो.

मुख्य म्हणजे, पैसे काढायला ठसा हा एकच मार्ग नाही. एटीएम कार्ड आहे. शाखेत पासबुक घेऊन पैसे काढायची स्लिप भरता येते, सही येत नसेल तर बँकेच्या माणसासमोर कागदावर अंगठा देता येतो. "मशीनवर ठसा आला नाही म्हणून पैसे नाहीत" असं शाखेत कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. म्हणून प्रत्येकाकडे कार्ड असावंच असा आमचा आग्रह असतो.

मशीनने खात्यातून कापले, हातात दिले नाहीत.

पावती मागा. व्यवहार फसला तरी पावती निघते, तीवर व्यवहार क्रमांक असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या आदेशानुसार आधारवरून किंवा एटीएममधून पैसे काढताना खात्यातून कापले गेले आणि हातात आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते.

केंद्रवाल्याने "सर्व्हर डाऊन आहे" म्हणत दोन-तीनदा बोट लावून घेतलं तर लगेच पासबुक छापून बघा. आणि पैसे काढून दिल्याबद्दल तो वीस-पन्नास रुपये कापत असेल तर विचारा की कशाचे. त्याला बँकेकडून कमिशन मिळतं, परस्पर वसुलीचा त्याला अधिकार नाही.

आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिचे पैसे कोण काढणार?

सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग किंवा आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत लेखी विनंती करा. तिला सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा, हाताचा किंवा अगदी पायाचा अंगठाही चालतो. रक्कम कुणाच्या हाती द्यायची ते तिने सांगायचं. पोस्टातलं खातं असेल तर पोस्टमनला बोलावता येतं. वर्षातून एकदाचा हयातीचा दाखला विसरू नका, तो चुकला की पगार थांबतो.

एटीएम कार्ड नातवाकडे देऊन मोकळं होणं सोपं वाटतं. बहुतेक नातू चांगलेच असतात. तरी दर महिन्याला पासबुक छापून आजीला वाचून दाखवा, पैसे तिचे आहेत.

मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यात पैसे घेतले तर चालेल का?

नाही. आधारवर येणारे पैसे त्या आधारधारकाच्याच खात्यात पडतात. आणि नियम बाजूला ठेवून सांगतो, चालत असतं तरी घेऊ नका. स्वतःच्या नावाचं खातं, स्वतःच्या हातातलं कार्ड, स्वतःच्या मोबाईलवरचा संदेश, यामुळे घरात बाईच्या शब्दाला वजन येतं. दारूच्या घरात तर ते फार लागतं. मोबाईल घरात एकच असेल तर निदान कार्डाचा पिन स्वतःजवळ ठेवा.

आधार नसेल, किंवा नावात फरक असेल तर लाभच बंद?

आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच लिहिलं आहे की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा पर्याय द्यायचा. आधारसाठी अर्ज करून त्याची पावती सोबत ठेवा. नावातल्या फरकाचं मात्र दुर्लक्ष करू नका. माहेरचं-सासरचं नाव, 'बाई' लागलेलं-न लागलेलं, यावर अर्ज अडतात. आधार, खातं आणि अर्ज, तिन्हीकडे एकच नाव करून घ्या.

यापेक्षा रोख वाटपच बरं नव्हतं का?

ज्येष्ठ मंडळी हे मनापासून विचारतात. रोखीत मधले हात फार होते. किती आले आणि किती दिले याचा कागद गरिबाकडे नसायचा. आता पासबुकात ओळ उमटते आणि ती ओळ दाखवून भांडता येतं, हे मोठं आहे. पण त्याबरोबर दुसरी गोष्टही झाली: पूर्वी समोर एक माणूस होता, त्याला जाब विचारता यायचा. आता बँक म्हणते तहसीलला विचारा, तहसील म्हणतं वरून सोडले आहेत, संकेतस्थळावर 'यशस्वी' लिहिलेलं असतं. वाट सरळ झाली, पण अडलं की पत्ता सापडत नाही. म्हणून आमचं मत असं की आधारवरून पैसे पाठवणं चालू राहावं, पण प्रत्येक योजनेत खाते क्रमांकाची दुसरी वाट उघडी असावी आणि तहसीलमध्ये परत गेलेल्या हप्त्यांची यादी कारणांसह लावलेली असावी.

धान्याऐवजी रोख देण्याचा प्रयोगही झाला आहे. चंडीगड आणि पुदुच्चेरीत तो २०१५ मध्ये सुरू झाला, आणि आपल्याकडे मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांसाठी २०२३ मध्ये. पुण्याच्या रेशन दुकानांना तो लागू नाही.

"केवायसी करा नाहीतर हप्ता बंद" असा मेसेज आला. खरा की खोटा?

लिंक असेल, ॲप उतरवून घ्या असं असेल, किंवा ओटीपी मागत असेल तर खोटा धरा. केवायसी खरंच लागतं कधीकधी, पण ते योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर, बँकेत किंवा अंगणवाडी ताईंना विचारून करा. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. बोटांचे ठसे वापरून कुणी पैसे काढेल अशी भीती असेल तर आधारच्या ॲपमधून ठसे लॉक करता येतात. काढायच्या वेळी उघडायला मात्र विसरू नका.

लाभार्थी वारल्यावर खात्यात हप्ता पडला तर?

काढू नका. तहसीलला मृत्यूचा दाखला देऊन कळवा. नंतर वसुली निघते. आधीचे, हयातीतले पैसे वारसाला मिळतात, खात्यावर वारसनोंद (नॉमिनी) असेल तर लवकर.

तक्रार कुठे करायची?

आधी ठरवा की गाठ कुठे बसली आहे. अर्ज मंजूरच नसेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही. निराधार आणि श्रावणबाळसाठी तहसीलमधली संजय गांधी शाखा, लाडकी बहीणसाठी महिला व बालविकास विभाग, राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल आणि कॉलेजचा कारकून, पालिकेच्या दहावी-बारावीच्या अर्थसाहाय्यासाठी पुणे महापालिकेचा समाज विकास विभाग. मंजूर आहे पण पैसे परत फिरले असतील तर कारण लेखी मागा. पीएफएमएस या सरकारी पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर 'नो युवर पेमेंट्स'मध्ये बँक आणि खाते क्रमांक टाकूनही काही योजनांच्या जमा दिसतात.

बँकेचा दोष असेल तर शाखेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. सोबत लागतं ते एवढंच: पासबुकाची झेरॉक्स, सीडिंग स्टेटसचा छापील कागद, आणि शाखेला दिलेल्या तक्रारीची शिक्का मारलेली प्रत.